अकरा तासांची डिस्क

१

शुक्रवारी सकाळी दहाला नौपाड्यातल्या 'टिपणीस लॅपटॉप सर्व्हिस'चं शटर जेमतेम अर्धं वर गेलं होतं. तेवढ्यात एक मुलगी वाकून आत आली, तिने काउंटरवर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "ताई, माझे आजोबा हरवलेत."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या सुधीररावांनी पेपर खाली केला. दुकान त्यांचं नव्हतं, सुनेचं होतं. मैथिलीला यंत्रं कळत आणि सुधीररावांना, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, माणसं कळत. टेलिफोन खात्यात त्यांनी चौतीस वर्षं बंद पडलेल्या लाइनी शोधून दिल्या होत्या. दोष तारेत क्वचित असतो, तो जोडावर असतो, हा त्यांचा सिद्धांत आता ते सोसायटीच्या भांडणांपासून शेजारच्यांच्या घटस्फोटापर्यंत सगळ्याला लावत. हरवलेले आजोबा म्हटल्यावर त्यांना पेपरात काय रस उरणार?

"पोलिसांत कळवलंत?" त्यांनी विचारलं.

"काका, आजोबा जाऊन सोळा वर्षं झाली," मुलगी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुसायला हात वर केले तेव्हा दिसलं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गडद मेंदी होती.

मैथिलीने तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. मग हकिकत नीट बाहेर आली.

मुलीचं नाव स्वप्ना ओव्हाळ. राहायची डोंबिवलीत मानपाड्याला, नोकरी माजिवड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिचे आजोबा शिवराम ओव्हाळ यांची गायन पार्टी होती. गाणी ते स्वतः लिहीत, स्वतः ढोलकी वाजवत आणि आजी शांताबाई मागून साथ देई. स्वप्नाच्या नामकरणाच्या दिवशी आजोबांनी तिच्या लग्नात वाजवायचं गाणं लिहिलं आणि घरच्या टेपवर भरून ठेवलं. आपण तोवर असू याची त्यांना खात्री नव्हती, आणि ते नव्हतेच.

"एकतीस कॅसेटी होत्या. बुरशी लागत चाललेली. लॉकडाउनमध्ये मी एकेक करून सगळ्या लॅपटॉपवर उतरवल्या. दोनशे बारा गाणी. मग कॅसेटी भंगारात दिल्या, मीच दिल्या." स्वप्नाने लॅपटॉपवर हात ठेवला. "लॅपटॉप घरचा आहे, सगळ्यांचा. त्यात दोन डिस्क आहेत. गाणी दुसरीवर, डी ड्राइव्हवर. काल संध्याकाळी लग्नाचं गाणं पेन ड्राइव्हवर घ्यायला बसले तर डी ड्राइव्हच नाही. बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी तेच गाणं हेडफोनवर ऐकलेलं, ताई!"

"दुसरीकडे कॉपी?"

"आजीची सक्त मनाई आहे. शिवरामचं गाणं दुसरीकडे उतरवायचं नाही म्हणजे नाही."

"आणि लग्न कधी आहे?"

"परवा. रविवारी, कल्याणला." स्वप्नाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "घरी कुणालाच सांगितलेलं नाही. लॅबचं काम आहे सांगून लॅपटॉप आणलाय. आजी ते गाणं सोळा वर्षं ऐकत नाहीये. म्हणते, आता नातीच्या लग्नातच ऐकीन. तिला काय सांगू मी?"

२

मैथिलीने लॅपटॉप चालू केला आणि सगळ्यात आधी त्याच्या मुळाशी जाऊन, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्याही आधीच्या निळ्या पडद्यावर पाहिलं. तिथे दोन्ही डिस्कांची नावं व्यवस्थित होती.

"म्हणजे यंत्राला दुसरी डिस्क दिसतेय, विंडोजच तिला ओळख देत नाहीये," ती म्हणाली. "जिवंत आहे. हे चांगलं आहे."

स्वप्नाचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ राहिला नाही. मैथिलीने डिस्कांची यादी उघडली. पहिलीपुढे 'ऑनलाइन' होतं. दुसरीपुढे 'ऑफलाइन', आणि कारण विचारल्यावर विंडोजने उत्तर दिलं की या डिस्कचा ओळख क्रमांक आणि पहिल्या डिस्कचा ओळख क्रमांक एकच आहे.

"प्रत्येक डिस्कला एक क्रमांक असतो," मैथिलीने सासऱ्यांना समजावलं. "एका तिकिटावर दोन प्रवासी आले की कंडक्टर दुसऱ्याला उतरवतो ना, तसं विंडोज दुसरीला बाहेर ठेवतं."

"पण दोघींचा नंबर एक होईल कसा?"

मैथिली नखाने टेबल खरवडू लागली. हे सुधीररावांच्या ओळखीचं होतं. वाईट बातमी सांगायच्या आधी ती नेहमी असंच करायची.

"एकाच प्रकारे होतो, बाबा. कुणीतरी पहिली डिस्क अख्खीच्या अख्खी दुसरीवर उतरवली की."

तिने दुसरीला नवा क्रमांक देऊन ऑनलाइन आणलं. डिस्क मुकाट्याने उघडली. आत एकही गाणं नव्हतं. स्वप्नाच्या लॅबचे कागद, लाइटची बिलं, लग्नाची पत्रिका, जे पहिल्या डिस्कवर होतं तेच सगळं होतं. सगळ्यात शेवटची फाइल म्हणजे मेंदीचा फोटो, बुधवारी रात्री नऊ चाळीसचा.

"म्हणजे गाण्यांवरून हे लिहिलं गेलं?" स्वप्नाचा आवाज एवढासा झाला. "पुसली गेली?"

सुधीरराव उठून सुनेच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न विचारला, "जोड बघितलास का?"

मैथिलीने लॅपटॉप पालथा घातला. पूर्वी जिथे सीडी घालायची जागा असे, तिथे एका चौकटीत बसवून ही दुसरी डिस्क आत सरकवलेली होती. तिने चौकट ओढून काढली. चारही स्क्रू जागच्या जागी, एकाच्याही डोक्यावर ओरखडा नाही.

"पक्का हात आहे," सुधीरराव पुटपुटले.

मैथिलीचं लक्ष स्क्रूंकडे नव्हतंच. चौकट परत सरकवून तिने डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावला होता आणि त्यातल्या एका आकड्याकडे बघून ती हसायला लागली. खळखळून.

"स्वप्ना, ही चौकट कधी बसवलीत?"

"लॉकडाउनमध्ये. पाच वर्षं झाली."

"ही डिस्क जन्माला आल्यापासून एकूण अकरा तास चाललीय. फक्त अकरा! अगं, ही तुझ्या आजोबांची डिस्क नाहीच आहे. गाणी पुसली नाहीत कुणी. गाण्यांची डिस्क काढून कुणीतरी त्या जागी ही ठेवलीय."

सुधीररावांनी पेपराची घडी केली आणि चष्मा खिशात टाकला. सकाळपासून ते याच क्षणाची वाट बघत होते, असं मैथिली नंतर सगळ्यांना सांगायची.

"मी मानपाड्याला येतो," ते म्हणाले.

३

घरात शिरायला सबब हवी होती. लॅबसाठी माजिवड्याला उतरण्याआधी स्वप्नाने ती बसमध्ये शोधली आणि घरी फोन करून सांगितली. काका जुन्या गायन पार्ट्यांची माहिती जमवतात. सुधीररावांना खोटं बोलणं आवडत नसे, पण हे खोटं त्यांना इतकं आवडलं की मानपाड्याला उतरताच त्यांनी खरंच एक वही विकत घेतली. बुधवारी संध्याकाळी घरात कोण होतं हेही वाटेत विचारून झालं. आजी, धाकटा भाऊ राजरत्न, मेंदी काढून साडेनऊला गेलेली मेंदीवाली आणि साउंडवाले रघुकाका.

रघुकाका इमारतीच्या खालच्या गाळ्यातच भेटले. भोवती स्पीकरच्या भिंती, गळ्यात दोरीला लटकवलेला पेन ड्राइव्ह. शिवराम ओव्हाळांचं नाव काढताच त्यांनी हातातलं काम टाकलं.

"साहेब, त्या माणसाची गाणी मागून मागून माझी जीभ झिजली! आख्ख्या कल्याण-डोंबिवलीत वाजवली असती मी. पण शांतावहिनी? नाही म्हणजे नाही. बुधवारी पण मागितली, समोर लॅपटॉप चालू होता, म्हटलं दोन मिनिटं द्या फक्त. बोलल्या, रविवारी एक वाजेल, तेवढंच तुझं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? चहा प्यायलो, आठ वाजता गाडी काढली. अंबरनाथला हळदीचा कार्यक्रम होता. पहाटेपर्यंत तिथेच होतो, तीनशे माणसं साक्षीला." रघुकाका हसले, मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "एक दिवस ऐकवा मला ती गाणी, साहेब. तुमचं ऐकतील त्या."

सुधीररावांनी वहीत रघुकाकांच्या नावाखाली दोन रेघा मारल्या. हेतू होता, संधीही होती, आणि माणूस रडवेला होता.

वरच्या मजल्यावर राजरत्न दारात तोरणाच्या दिव्यांच्या माळा लावत शिडीवर उभा होता. मानपाड्याच्याच एका कारखान्यात तो फिटर होता. डोळे लाल, जांभया अशा की बघणाऱ्यालाही याव्यात.

"लग्नघर म्हणजे जागरण," सुधीरराव म्हणाले.

"काय सांगू काका! बुधवारी साडेतीनला झोपलो, परत सातला ड्यूटी."

"एवढा वेळ कसलं काम?"

"असंच. डेकोरेशन."

सुधीररावांनी मान वर करून पाहिलं. डेकोरेशन अजून अर्धंही लागलेलं नव्हतं. "आणि आजोबांची गाणी? स्वप्ना म्हणाली लॅपटॉपवर आहेत."

दिव्यांची माळ राजरत्नच्या हातून निसटली आणि शिडीला गुंडाळली गेली. त्याने आत आजीकडे चोरटा कटाक्ष टाकला. "आहेत ना, काका. सगळी आहेत. कुठे जाणार? ताईने नेलाय लॅपटॉप, आला की ऐकवतो तुम्हाला. केव्हाही."

सुधीरराव चक्रावले. पोरगा घाबरलेला होता यात शंका नव्हती. पण गाणी आहेत हे त्याने सांगितलं ते मात्र अगदी मनापासून, छाती पुढे काढून. खोटं बोलताना माणूस 'केव्हाही ऐकवतो' असं कधी म्हणत नाही.

शांताबाई आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसल्या होत्या. बुटक्या, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. भिंतीपाशी टेबलावर नातीला द्यायच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. बुद्धमूर्ती, पुस्तकांची चळत, तांब्याची भांडी, विणलेली तोरणं आणि चार गोधड्या.

"आमच्यात रुखवताचं लई स्तोम नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण पोरगी जाती तर चार वस्तू मांडाव्या वाटतातच की. बसा. काय लिहून घेणार शिवरामचं?"

"गाणी कॅसेटवर कशी भरायचात ते सांगा."

मग शांताबाई खुलल्या. आवाज घुमू नये म्हणून दारं-खिडक्यांवर गोधड्या कशा टांगत, शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी एका गाण्यात कशी आली, शिवराम चुकला की ढोलकीच जोरात कसा वाजवी, सगळं. सुधीरराव खोटी वही खरोखर भरू लागले.

"आणि या कॅसेटी लोक एकमेकांकडून उतरवून घेत असतील?"

"तिथंच सगळं वाटोळं व्हायचं!" शांताबाईंनी मशीनचं चाक थांबवलं. "एकावरनं दुसरी उतरवली की आवाज पातळ. दुसरीवरनं तिसरी, अजून पातळ. चौथीत तर शिवराम बोलतोय का नळ गळतोय कळायचं नाही. म्हणून मी म्हणते, अस्सल ते अस्सल. लोकांच्या कानात पातळ शिवराम जायला नको."

सुधीररावांना हसू आलं. डिस्कवरचं गाणं हजारदा उतरवलं तरी तसंच राहतं हे त्यांना सुनेने शिकवलेलं होतं. पण ते काही बोलले नाहीत, कारण त्यांची नजर मशीनच्या फळीवर गेली होती. तिथे कात्री, रिळं, गोधडीच्या जाड कापडाची कातरणं आणि कॅसेटची एक रिकामी प्लॅस्टिकची डबी पडली होती. डबीची बिजागरी तुटलेली होती, तुटल्याची कड पांढरी, ताजी.

कॅसेटी तर पाच वर्षांपूर्वी भंगारात गेल्या होत्या. मग डबी आत्ता, या आठवड्यात, कशी तुटली?

४

"रघुकाकाच," सुधीररावांनी बसस्टॉपवरून फोनवर जाहीर केलं. "गाण्यांसाठी जीव टाकतो तो माणूस."

"बाबा, नाही," मैथिली म्हणाली. "गाणी हवी असती तर पेन ड्राइव्हवर घेतली असती, तो तर गळ्यातच आहे त्यांच्या. डिस्क कशाला उपटतील? शिवाय त्या नव्या डिस्कवर नऊ चाळीसचा फोटो आहे, म्हणजे उतरवायचं काम त्याच्यानंतर सुरू झालं. तेव्हा काका अंबरनाथला."

सुधीररावांनी वहीतल्या दोन रेघा खोडल्या. खोडताना थोडं वाईटही वाटलं.

"किती वेळ लागला असेल उतरवायला?"

"पाचेक तास. काल लॅपटॉप घरी साडेपाच तास चालू होता, आज इथे अर्धा तास. बेरीज अकराच होते."

नऊ चाळीसनंतर पाच तास. म्हणजे पावणेतीन. मग चौकट उघडून डिस्क बदलायची, स्क्रू लावायचे, आणि साडेतीनला झोपायचं. स्वप्ना असू शकत नाही, तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती. आजीला स्क्रू ड्रायव्हर धरता येत असेल, पण चार स्क्रू ओरखडा न उमटवता लावायचे म्हणजे फिटरचाच हात.

"राजरत्न," दोघं एकदम म्हणाले.

"पण मग तो असं का म्हणाला की गाणी आहेत?" सुधीररावांनी विचारलं. "अगं, त्याला खरंच तसं वाटतंय. मी डोळे बघितलेत त्याचे. आणि चोर असला तर रिकामी झालेली जागा दुसरी डिस्क घालून भरून कशाला जाईल? पैसे घालून?"

समोरून बस आली. सुधीरराव चढले नाहीत. ती गेली. दुसरी आली, तीही गेली. कंडक्टरने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.

"मैथिली," ते सावकाश म्हणाले, "हार्ड डिस्क केवढी असते गं?"

"लॅपटॉपची? कॅसेटएवढी. लांबीला तेवढीच, रुंदीला थोडी जास्त."

"म्हणजे कॅसेटच्या डबीत कुणी घालायला गेलं तर?"

"बसणार नाही. जोर केला तर डबी तुटेल."

सुधीरराव स्टॉपवरच्या बाकावर मटकन बसले आणि एकटेच हसू लागले. "अगं, चोरी झालेलीच नाहीये!"

फोन ठेवतात न ठेवतात तोच स्वप्नाचा आला. ती लॅबमधून बोलत होती, आवाज दबका. "काका, काही कळलं?"

आता आली पंचाईत. सांगावं तर एका म्हातारीने जिवापाड जपलेली गोष्ट दोन दिवस आधी फुटते. न सांगावं तर नवरी रडत बोहल्यावर चढते. आणि आपला तर्क चुकला असेल तर? तारेचा दोष जोडावर असतो हे खरं, पण चौतीस वर्षांत तीनचार वेळा तो तारेतही निघाला होता.

"उद्या दुपारी गाणं तुझ्या हातात," सुधीरराव म्हणून बसले, आणि फोन ठेवल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला.

५

शनिवारी सकाळी स्वप्ना पार्लरला गेल्याची खात्री करून सुधीरराव आणि मैथिली लॅपटॉप घेऊन मानपाड्याला पोचले. लॅपटॉप बघताच राजरत्नचा चेहरा पडला. शांताबाई मशीनवरून उठल्या नाहीत, फक्त चाक थांबवलं.

"शांताबाई, मी काल थोडं खोटं बोललो," सुधीररावांनी सुरुवात केली. "माझ्या सुनेचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तुमची नात गुरुवारपासून रडतेय. लॅपटॉपवर आजोबांची गाणी दिसत नाहीत म्हणून. तुम्हाला कळू नये म्हणून बोलली नाही."

"दिसत नाहीत?" राजरत्न ओरडलाच. "काका, मी सगळं उतरवलंय! शंभर टक्के झालं असं लिहून आलेलं स्क्रीनवर!"

"हो ना? म्हणूनच तू काल एवढ्या छातीठोकपणे सांगितलंस. आता मी सांगतो, चुकलं तर थांबवा." सुधीरराव खुर्ची ओढून बसले. ही वेळ उभ्याने घालवण्याची नव्हती. "कुणीतरी गाण्यांची डिस्क काढून घेतली आणि त्या जागी कोरी आणून, तिच्यावर नक्कल उतरवून ठेवली. म्हणजे घरातली गाणी घरातच राहावीत अशी त्याची इच्छा होती. फक्त मूळ डिस्क त्याला वेगळी हवी होती. आता आजच्या पोरांपैकी कुणालाही विचारा, मूळ आणि नक्कल यांत फरक नाही हे त्यांना माहीत असतं. मूळ डिस्क कुणाला हवी असेल? ज्याला वाटतं की उतरवलं की आवाज पातळ होतो."

शांताबाईंनी चष्मा काढून पदराला पुसायला घेतला.

"तिने ती आधी कॅसेटच्या डबीत घालायला बघितली. बसली नाही, बिजागरी तुटली. मग तिने गोधडीच्या कापडाची पिशवी शिवली." सुधीररावांनी टेबलावरच्या चार गोधड्यांकडे पाहिलं. "कितव्या गोधडीत आहे, तेवढं मात्र मला सांगता येणार नाही."

शांताबाई उठल्या, तिसऱ्या गोधडीच्या घडीत हात घातला आणि निळ्या-लाल ठिगळांची, हाताने टाके घातलेली एक छोटी पिशवी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"पोरगी जाती, तर शिवराम अस्सल जाऊ दे तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मला उतरवलेला पातळ चालंल. माझ्या कानात अस्सल आहे."

सुधीररावांनी पिशवी सुनेकडे दिली. मैथिलीने डोळे टिपले आणि ती कामाला लागली, कारण तेच तिला जमायचं.

"राजरत्न, तू पहिली डिस्क उतरवलीस, दुसरीच्या ऐवजी."

"पण मी वरचीच निवडली!"

"वरची का?"

"दोन्ही पाचशे जीबीच्या. एक वर, एक खाली. आजोबांची डिस्क जुनी, म्हणजे थोरली. थोरल्याचं नाव वर असतं ना?" त्याने आधारासाठी भिंतीकडे बोट केलं. तिथे लग्नाची पत्रिका चिकटवलेली होती, आणि तीत खरोखरच घरातल्या थोरल्यांची नावं वर होती.

मैथिलीला हसू आवरेना. "अरे, यादीत जिच्यावर लॅपटॉप चालतो ती वर. वयाचा मान नसतो तिथे. पहिलीची हुबेहूब नक्कल झाली म्हणून दोघींचा नंबर एक झाला, आणि विंडोजने दुसरीला ओळखायचंच सोडलं."

तिने पिशवीतली डिस्क तारेने लॅपटॉपला जोडली. छोटा दिवा लागला, विझला. पुन्हा लागला. पडद्यावर काहीच येईना. राजरत्न नखं खात होता. सुधीररावांना स्टॉपवरचा घाम आठवला. मैथिलीने तार काढली, दुसऱ्या बाजूच्या जागेत घातली.

"जोडच सैल होता," ती म्हणाली, आणि डी ड्राइव्ह उघडला. दोनशे बारा गाणी.

राजरत्नने उडी मारली ती शिडीवर आपटून थांबली. या वेळी दोघांनी मिळून तीनतीनदा तपासून, खालची डिस्क निवडून नक्कल लावली. दुपारी ती पुरी झाली तेव्हा मैथिलीने नव्या डिस्कला वेगळा क्रमांक देऊन चौकटीत बसवलं, आणि अस्सल डिस्क परत गोधडीत गेली.

"आजी, एक ऐकायचं का? पातळ झालाय का बघा," तिने विचारलं.

"उद्या," शांताबाई म्हणाल्या.

स्वप्नाला फोनवर एवढंच कळलं की गाणी जागेवर आहेत, आणि कशी आली ते तिला रविवारी कळेल. पलीकडून ती इतक्या मोठ्याने ओरडली की पार्लरमधल्या कुणाच्या तरी हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

६

कल्याणच्या हॉलमध्ये रविवारी टिपणीस सासरा-सून पहिल्या रांगेत बसले होते. मंचावर स्वप्नाच्या शेजारी तिचा नवरा अद्वय, आणि दोघांच्या मागे शांताबाई, मोरपंखी साडीत. रघुकाकांनी सगळे स्पीकर आणले होते, लागतील त्याच्या दुप्पट.

विधी आटोपला, टाळ्या झाल्या. शांताबाईंनी सगळ्यांसमोर ठिगळांची पिशवी स्वप्नाच्या हातात दिली आणि कानात काहीतरी सांगितलं. स्वप्नाने आधी पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे. भावाने दोन्ही कान धरले. ती हसत होती की रडत होती ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

शांताबाई खाली येऊन टिपणिसांच्या मागच्या खुर्चीत बसल्या आणि रघुकाकांनी गाणं लावलं.

*माझ्या दारची सायली लावली परदारी,*
*वास तिचा येतो गं अजून माझ्या घरी.*

खणखणीत, थोडा रांगडा आवाज. गाण्यात मागे कुणाचं तरी बाळ रडतंय, ते स्वप्नाच असणार. रघुकाका डोळे मिटून उभे होते. दोन कडवी झाली आणि आवाज थांबला. नुसती ढोलकी वाजत राहिली. शब्दच नाहीत.

सुधीरराव खुर्चीतून अर्धे उठले. मैथिलीने त्यांचा हात धरला. "नाही बाबा, मुळातच आहे तसं," ती कुजबुजली. "मी काल तपासलं. स्वप्ना म्हणाली, कॅसेट तिथे खराब झालेली."

"खराब नाही झालेली," मागून शांताबाई म्हणाल्या. त्यांनी रघुकाकांकडे हात केला, आणि न सांगताच रघुकाकांनी माइक आणून दिला.

"ही जागा माझी होती," त्या माइकवर म्हणाल्या. ढोलकी चालूच होती. "हे कडवं तू म्हण, म्हणाला शिवराम. मी शब्द ऐकले नि म्हटलं, असलं काही मी म्हणणार नाही. तर हा हट्टी. टेप चालू ठेवून वाजवत बसला, आणि मी तोंड मिटून बसले. दोघांपैकी कुणीच हटलं नाही."

त्यांनी मान किंचित कलती केली, ढोलकीचा ठेका एकदा जाऊ दिला, आणि दुसऱ्यावर उचलला.

*आजा नसंल मांडवात, तरी हसत जा पोरी,*
*आजी गाऊन बांधील तुला गाण्याची शिदोरी.*

आवाज वयाने कापत होता, पण ठेका सुटला नाही. त्यांचा शेवटचा शब्द संपला आणि त्याच मात्रेवर, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतून, शिवराम ओव्हाळांनी खुशीत "वाऽऽ!" म्हणून पुढचं कडवं घेतलं.